कुमारांचे वाचन आणि मुक्तद्वार

वाचनाचा महिमा सांगण्याची आपल्याकडे कधी उणीव पडली नाही. ग्रंथालयाचा वार्षिकोत्सव असो, देवस्थानाच्या सभामंडपात भरलेला विद्यार्थ्यांचा गुणगौरव असो, की शारदोत्सवातील बक्षीस समारंभ असो. व्यासपीठावरील पाहुणे समोर बसलेल्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलामुलींस 'वाचाल तर वाचाल' एवढे ऐकवल्यावाचून सहसा खाली बसत नाहीत. ह्या तीन शब्दांतील श्लेष मोठा चतुर आहे. परंतु त्यात एक धाकही दडलेला आहे, हे आमच्या ध्यानात येत नाही. न वाचशील तर तुझी धडगत नाही, असा त्याचा अर्थ. मुले टाळ्या वाजवतात, खाऊ घेतात आणि घरोघर जातात. दुसऱ्या दिवशी ग्रंथालयाची पायरी मात्र पूर्वीइतकीच सुनी असते.

ह्यात मुलांचा दोष किती आणि वडीलधाऱ्यांचा किती, ह्याचा निवाडा करण्यापूर्वी एक प्रश्न स्वतःला विचारणे आम्हांस अगत्याचे वाटते. एखादी गोष्ट चांगली आहे, एवढ्यावरून ती दुसऱ्याकडून करवून घेण्याचा अधिकार आपणांस प्राप्त होतो काय? आणि ती गोष्ट आनंदाची असेल, तर ती करवून घेणे मुळात शक्य तरी आहे काय? औषध पाजता येते, पाढे घोकून घेता येतात. परंतु आनंद कोणाकडून घोकून घेतल्याचे ऐकिवात नाही.

आम्ही बोलत आहोत ते कुमारवयाविषयी; म्हणजे साधारणपणे बाराव्या वर्षापासून अठराव्या वर्षापर्यंतच्या काळाविषयी. लहान मूल गोष्टीला भुकेलेले असते. आजीच्या मांडीवर, आईच्या कुशीत, चित्रांच्या पुस्तकात ते गोष्ट शोधीतच असते. प्रौढ मनुष्य आपल्या मर्जीने वाचतो किंवा वाचत नाही. त्याला विचारणारे कोणी नाही. मधल्या सहा वर्षांत मात्र काहीतरी तुटते. ग्रंथालयांचे कार्यवाह हे नेहमी बोलून दाखवतात. सातवी-आठवीपर्यंत ज्याचे नाव देवघेवीच्या वहीत आठवड्याला येत होते, ते एकाएकी दिसेनासे होते. विचारपूस केली तर उत्तर ठरलेले असते: शिकवणी लागली, परीक्षा आली, आता वेळ कुठला? आणि एकदा मिटलेले ते खाते बहुधा पुन्हा उघडत नाही.

वेळ नाही, हे कारण खरे आहे. पण ते पुरते नाही. ज्याची ओढ असते त्याला मनुष्य वेळ काढतो, आणि कुमार तर रात्र चोरूनही काढतो. आम्हांस दिसते ते असे की, ह्या वयात आम्ही मुलांच्या वाचनावर चार मालक आणून बसवतो. पहिला मालक परीक्षा. वाचलेस तर भाषेत गुण वाढतील. दुसरा मालक ज्ञान. वाचलेस तर स्पर्धेत पुढे जाशील. तिसरा मालक संस्कार. थोरांची चरित्रे वाच, म्हणजे त्यांच्यासारखा होशील. चौथा मालक भाषाभिमान. आपल्या मुलांनीच आपले वाङ्मय वाचले नाही तर ते जगणार कसे? चौघेही मालक प्रतिष्ठित आहेत. त्यांतील एकालाही आम्ही वाईट म्हणणार नाही. परंतु चौघांचा परिणाम एकच होतो. मुलाचे डोळे पुस्तकावर असतात आणि मन त्या पुस्तकापलीकडे उभ्या असलेल्या परीक्षकाकडे लागलेले असते. ह्यातून मला काय मिळाले ते कोणीतरी विचारणार आहे, ह्या जाणिवेने जो वाचतो, तो वाचीत नसून उत्तराची तयारी करीत असतो.

एरव्ही विचार केला, तर ह्या मुलांचा सारा दिवसच मोजमापात जातो. शाळेत गुण मोजले जातात, शिकवणीत क्रमांक लागतो, मैदानावर निवड होते, घरी शेजारच्या मुलाशी तुलना होते. नाचगाणे शिकले तर त्याचीही परीक्षा असते आणि प्रशस्तिपत्र असते. अशा मुलाला दिवसाकाठी एक तास तरी असा हवा की, ज्या तासात त्याला कोणी मोजीत नाही. एकट्याने वाचलेले पुस्तक हा तास देऊ शकते. तेथे साक्षीदार नसतो. आवडलेले पान तीनदा वाचावे, कंटाळवाणे सोडून द्यावे, शेवट आधी पाहावा, रडू आले तर रडावे. कोणी पाहत नाही आणि कोणी लिहून ठेवीत नाही. स्वतःला काय आवडते आणि काय आवडत नाही, हे मनुष्याला अशा एकांतातच प्रथम कळते. ज्याला ते कुमारवयात कळले नाही, तो पुढे आयुष्यभर दुसऱ्याच्या आवडीवर चालतो. आनंदासाठी वाचनाचा आग्रह आम्ही धरतो तो ह्या कारणासाठी. त्यात केवळ मनोरंजनाचा प्रश्न नाही.

येथे आमचे धर्मनिष्ठ वाचक एक रास्त आक्षेप घेतील. कठोपनिषदाने श्रेय आणि प्रेय ह्यांत भेद केला आहे; शहाण्याने श्रेय निवडावे असे सांगितले आहे. मग मुलांस जे प्रिय तेच वाचू द्या म्हणणे, म्हणजे त्यांना प्रेयाच्या वाटेला लावणे नव्हे काय? आक्षेप गंभीर आहे, म्हणून त्याचे उत्तर त्याच उपनिषदात शोधणे बरे. ज्याला हा उपदेश मिळाला तो नचिकेत कुमारच होता. यमाने त्याच्यापुढे पुत्रपौत्र, गाई, हत्ती, घोडे, सुवर्ण, दीर्घायुष्य, स्वर्गातील सुखे अशी सारी प्रलोभने मांडली. ती त्याच्यापासून लपवून ठेवली नाहीत, की कडीकुलपात घातली नाहीत. मांडली आणि निवड त्याच्यावर सोपवली. नचिकेत्याचे मोठेपण त्याने निवड केली ह्यात आहे. ज्याच्या हाती कधी निवड दिलीच नाही, तो श्रेयाकडे जाईल कसा? त्याला फार तर श्रेयाकडे ओढीत नेता येईल. आणि ओढणारा हात सुटताच तो परत फिरेल.

आपल्या साहित्यशास्त्रालाही आनंदाचे वावडे नव्हते. काश्मीरच्या मम्मटाने अकराव्या शतकात 'काव्यप्रकाशा'त काव्याची प्रयोजने सांगितली. यश, धन, व्यवहारज्ञान, अमंगलाचे निवारण, तात्काळ लाभणारा परम आनंद आणि कान्तेप्रमाणे गोडीने केलेला उपदेश, अशी ती सहा. ह्या सहांमध्ये त्याने शिरोभागी बसवला तो आनंद. शिवाय त्याने उपदेशाच्या तीन तऱ्हा सांगितल्या: वेदांचा उपदेश स्वामीच्या आज्ञेसारखा, पुराणांचा मित्राच्या सांगण्यासारखा आणि काव्याचा प्रियेच्या बोलण्यासारखा. आमच्या ग्रंथालयांतील भिंतींवरच्या पाट्या वाचल्या, तर त्या तिन्हींपैकी कोणत्या तऱ्हेने बोलतात, हे सांगायला नको. 'शांतता राखा', 'कपाटास हात लावू नये', 'पुस्तक विलंबाने आणल्यास दंड'. घरात नाटक-कादंबरी ठेवून दारावर स्वामीची आज्ञा लावावी, असा हा प्रकार आहे.

देवळाच्या आवारात वाढलेल्या आपल्या समाजाला ह्याहून चांगली रीत ठाऊक होती. चातुर्मासातील पुराण, उत्सवातील कीर्तन, जत्रेतील दशावतारी काला ह्यांनी आमच्या पूर्वजांच्या कित्येक पिढ्यांस रामायण-महाभारत दिले, आणि तेही अक्षरओळख नसलेल्यांस दिले. कीर्तनकाराची रचना पाहावी. पूर्वरंगात तो अभंगाचे निरूपण करतो, तेव्हा पोरेटोरे खांबाला टेकून डुलक्या घेत असतात. उत्तररंगात आख्यान सुरू झाले की तीच पोरे सरसावून पुढे येतात. पूर्वरंग ऐकल्याखेरीज आख्यान ऐकू देणार नाही, असे म्हणणारा हरिदास आम्ही पाहिला नाही. घरी गेल्यावर मुलाला आख्यानाचे तात्पर्य पाच ओळींत लिहायलाही कोणी बसवीत नसे. कित्येक जण झोपेतच खांद्यावरून घरी जात. तरी ती कथा त्यांच्या मनात आयुष्यभर राहिली. मंगेशी, म्हार्दोळ, कवळे येथील मंडपांत जे सहज घडत आले, तेच आम्हांला पुस्तकाच्या बाबतीत अवघड का व्हावे?

कायद्याच्या अंगाने पाहिले, तरी हा आनंद अनधिकृत नाही. बालकांच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार १९८९ साली झाला आणि भारताने तो १९९२ साली स्वीकारला. अठरा वर्षांखालील प्रत्येकाला विश्रांती, फुरसत, खेळ आणि सांस्कृतिक जीवनात भाग घेण्याचा हक्क आहे, हे त्याच्या एकतिसाव्या कलमाने मान्य केले आहे. फुरसत हा हक्क म्हणून लिहिला गेला, ही गोष्ट पालकांनी ध्यानात घेण्याजोगी आहे. आपल्या देशातील २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने तर आणखी एक पाऊल टाकले. प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे, त्यात वर्तमानपत्रे, मासिके आणि सर्व विषयांवरील पुस्तके असावीत, असे सांगताना त्याच्या परिशिष्टाने गोष्टींच्या पुस्तकांचा वेगळा उल्लेख केला आहे. कायद्याची भाषा शब्दांबाबत कंजूष असते. तिने 'गोष्टींची पुस्तके' हे शब्द खर्च केले, ह्याचा अर्थ ती पुस्तके क्रमिक पुस्तकांत आपोआप येत नाहीत, हे कायदा करणाऱ्यांस ठाऊक होते. मात्र हा कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांपुरता आहे. चौदाव्या वर्षानंतर, म्हणजे नेमके जेथे वाचन तुटते तेथे, हा आधार संपतो. त्या पुढचे काम गावच्या ग्रंथालयाकडे येते.

सक्ती आणि स्वेच्छा ह्यांची हद्द कोठे आखावी, ह्याचा धडा बडोद्याने शंभर वर्षांपूर्वीच घालून दिला. महाराज सयाजीराव गायकवाड ह्यांनी १९०६ साली आपल्या राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. परंतु शाळेत शिकलेली अक्षरे वापराविना पुसून जातात, हे त्यांनी ओळखले. आणि १९१० साली अमेरिकेहून विल्यम बॉर्डन नावाच्या तज्ज्ञाला बोलावून ग्रंथालयांची उभारणी आरंभली. बडोद्यात मध्यवर्ती ग्रंथालय झाले, गावोगाव वाचनालये निघाली आणि जेथे वाचनालय नव्हते तेथे पुस्तकांच्या पेट्या फिरत्या केल्या. त्यातील विवेक पाहण्यासारखा आहे. शाळेत मूल पाठवले नाही तर दंड करणाऱ्या ह्याच राजाने, पुस्तक वाचले नाही म्हणून कोणाला दंड केला नाही. अक्षर शिकवण्यापुरती सक्ती त्याने वापरली. पुढे पुस्तक लोकांच्या दारी नेऊन ठेवले आणि तो थांबला. राजदंड हाती असलेला मनुष्य जेथे थांबला, तेथे आम्ही वार्षिक वर्गणीदारांनी पुढे जावे, हे शोभत नाही.

आता आमच्या विशिष्ट परिस्थितीकडे वळू. महाराष्ट्राच्या सीमेबाहेर पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेल्या मराठी मंडळींनी जेथे जेथे घरे बांधली, तेथे तेथे देवळाच्या जोडीने वाचनालय उभारले. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचे; हैदराबादचे मराठी ग्रंथ संग्रहालय १९२२ सालचे. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथील मंडळांच्या कपाटांतही पिढ्यांचा ग्रंथसंग्रह आहे. पण ह्या गावांतील आजचा कुमार शाळेत कोठे इंग्रजी, कोठे हिंदी, कानडी, गुजराती किंवा तेलुगू भाषेत शिकतो. त्यांतील बहुतेकांना मराठीची परीक्षा नाही. मराठी आली नाही म्हणून त्यांचे काही अडत नाही. ह्याबद्दल आम्ही पुष्कळ हळहळतो. पण ह्या हानीतच आमच्या ग्रंथालयाची सुटकाही आहे, हे सहसा कोणी बोलत नाही. ज्या भाषेच्या हाती परीक्षेची छडी उरली नाही, तिला मुलाकडे जाण्याचा एकच रस्ता मोकळा आहे, आणि तो आनंदाचा. शाळेत रोज चार तास ज्या भाषेचा धाक वाटतो, तिच्यापेक्षा जिच्यात फक्त गोष्ट भेटते ती भाषा मुलाला अधिक जवळची वाटू शकेल. ही संधी आम्ही 'मातृभाषेचे ऋण फेडा' अशा उपदेशाने दवडू नये. ऋणको म्हणून बोलावलेला मनुष्य सावकाराच्या घरी कधी आनंदाने जात नाही.

गोव्यापुरते आणखी एक बोलणे भाग आहे. १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोंकणीला राजभाषेचे स्थान दिले आणि मराठीच्या वापरालाही जागा ठेवली. १९९२ साली कोंकणी संविधानाच्या आठव्या अनुसूचीत आली. ह्या दोन भाषांच्या नात्याविषयी मोठ्यांनी काय काय वाद घातले, ते वाचकांस ठाऊक आहे. ते वाद कुमाराच्या खात्यावर चढवू नयेत, एवढीच आमची विनंती आहे. घरी कोंकणी बोलणारा, देवळात मराठी आरती म्हणणारा आणि शाळेत इंग्रजी लिहिणारा मुलगा गोव्यात नवा नाही. त्याच्यापुढे दोन्ही भाषांतील गोष्टी एकाच फळीवर शेजारी शेजारी असाव्यात आणि तो कोणत्या पुस्तकाला हात घालतो, ह्याकडे कोणी लक्ष देऊन पाहू नये. पणजीत १८३२ साली सुरू झालेले जुने ग्रंथालय आज कृष्णदास शामा ह्याच्या नावाने ओळखले जाते. सोळाव्या शतकातील त्या गोमंतकीय लेखकाने कृष्णाची कथा सांगितली, हे त्या नावामागचे स्मरण मुलांना पुरेसे आहे.

इतके म्हटल्यावर खरा अवघड मुद्दा येतो, तो देखरेखीचा. वडीलधाऱ्यांनी मग काहीच पाहू नये काय? मुलाच्या हाती काय पडते, ह्याची चिंता करणे हे त्यांचे कर्तव्य नव्हे काय? आहे, आणि ते आम्ही नाकारीत नाही. परंतु निवड आणि पहारा ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ग्रंथालयात कोणती पुस्तके घ्यावीत, ह्याची निवड समितीने डोळे उघडे ठेवून करावी. ती जबाबदारी तिचीच आहे आणि पैसाही समाजाचा आहे. एकदा पुस्तक निवडून फळीवर ठेवले, की त्यापुढे पहारा नको. जे पुस्तक आम्हीच विकत घेतले, ते पंधरा वर्षांच्या मुलीने मागितल्यावर 'हे तुझ्यासाठी नाही' म्हणून भुवया उंचावण्याचा हक्क आम्हांस उरत नाही.

ह्या ठिकाणी पालकाच्या सहीविषयी बराच गैरसमज दिसतो. ग्रंथालये कुमारांच्या अर्जावर पालकाची सही घेतात, ते योग्यच आहे. १८७२ च्या करार कायद्याच्या अकराव्या कलमाप्रमाणे अज्ञान मनुष्य करार करण्यास पात्र नसतो. आणि त्याने केलेला करार मुळातच शून्य ठरतो, असे प्रिव्ही कौन्सिलने १९०३ साली मोहरीबीबी विरुद्ध धर्मोदास घोष ह्या खटल्यात सांगून टाकले. तेव्हा पुस्तक हरवले तर त्याची भरपाई कोणाकडे मागायची, ह्यासाठी सज्ञान मनुष्याची सही हवी. परंतु ती सही पुस्तकाच्या किमतीपुरती असते. मुलाच्या आवडीनिवडीचे कुलमुखत्यारपत्र तिच्यामुळे कोणाकडे जात नाही. वडिलांनी मुलाशी घरी मोकळेपणाने बोलावे, काय वाचतोस म्हणून विचारावे, जमले तर तेच पुस्तक स्वतः वाचावे. ग्रंथपालाने मात्र देवघेवीची वही वडिलांपुढे उघडून बातमीदार होऊ नये. ज्या मुलाला आपले वाचन चावडीवर जाणार अशी शंका येते, तो वाचन सोडीत नाही. तो ग्रंथालय सोडतो. मग त्याच्या हाती काय पडते, ते ना आम्हांला कळते, ना त्याच्या वडिलांना.

'हलक्या' पुस्तकांचा प्रश्न ह्यालाच लागून आहे. बाबुराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळा पहाड, धनंजय ही त्यांची पात्रे ज्या पिढीने पाठ्यपुस्तकाच्या आड लपवून वाचली, त्याच पिढीतून पुढे न्यायाधीश, प्राध्यापक आणि साहित्य संमेलनांचे श्रोतेही निघाले. नाथमाधवांच्या 'वीरधवला'ने, ना. धों. ताम्हनकरांच्या 'गोट्या'ने, १९५२ पासून मराठीत निघालेल्या 'चांदोबा'ने, भा. रा. भागवतांच्या 'फास्टर फेणे'ने, १९७१ साली सुरू झालेल्या 'किशोर' मासिकाने कोणाला मोठा साहित्यिक केले की नाही, हे आम्ही सांगत नाही. त्यांनी पुस्तक हाती धरून तासन्‌तास बसण्याची सवय लावली, आणि पुढचे पुस्तक शोधायला लावले. एका कथेतून दुसरीकडे, दुसरीतून तिसरीकडे जाता जाता रुची आपोआप चोखंदळ होत जाते. पहिल्याच दिवशी 'ज्ञानेश्वरी' हाती ठेवून दुसऱ्या दिवशी तिला कंटाळलेला मुलगा पाहण्यापेक्षा, रहस्यकथांनी सुरुवात करून चाळिसाव्या वर्षी आपण होऊन 'ज्ञानेश्वरी'कडे आलेला मनुष्य आम्हांस अधिक भाग्याचा वाटतो.

मोबाइलविषयी आम्ही लांबण लावणार नाही. त्याची निंदा पुष्कळ झाली आहे आणि तिचा उपयोग झालेला नाही. एवढेच पाहावे की तो मुलाकडे अनामत मागत नाही, जामीन मागत नाही, वेळेचे बंधन घालत नाही आणि काय पाहिलेस म्हणून तोंडी परीक्षा घेत नाही. ह्याच्या उलट, ग्रंथालयाचा सभासद होण्यासाठी चार कागद लागतात, कपाटाला कुलूप असते आणि मुलगा शिकवणीहून सुटतो त्या वेळी ग्रंथपाल दिवे मालवीत असतो. ह्या सामन्यात मुलाने कोणाकडे जावे, ह्याचा निकाल आम्हीच आमच्या नियमांनी लावून ठेवला आहे.

तर मग करावे काय? डॉ. शियाळी रंगनाथन ह्यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली, त्यांतील पहिलेच हे की, ग्रंथ उपयोगासाठी आहेत. मध्ययुगीन युरोपात पुस्तके साखळदंडाने फळीला बांधून ठेवीत, ह्याची आठवण त्यांनी त्या संदर्भात करून दिली आहे. आपल्या कपाटांची कुलपे त्या साखळ्यांचीच वंशज होत. आपल्याकडील पुष्कळ वाचनालयांच्या पाटीवर 'मुक्तद्वार' असा सुंदर शब्द असतो. दार मुक्त आणि कपाट बंद, ही स्थिती त्या शब्दाला शोभत नाही. कपाट म्हणजे गर्भकूड नव्हे, की जेथे पुजाऱ्यावाचून कोणी पाऊल टाकू नये. मुलांना स्वतःच्या हातांनी पुस्तक काढू द्यावे, उभ्याउभ्या चाळू द्यावे, परत ठेवू द्यावे. दोन-चार पुस्तके फाटतील, एखादे हरवेलही. पंचवीस वर्षे कोरे करकरीत राहिलेले पुस्तक हे ग्रंथालयाचे त्याहून मोठे नुकसान होय, कारण त्याची किंमत आपण दिली आणि त्याचा उपयोग कोणालाही झाला नाही.

दुसरे असे की, कुमारांना बालविभागात बसवू नये. चौदा वर्षांच्या मुलाला बुटक्या खुर्चीवर, चित्रांच्या भिंतीखाली बसवणे हा त्याचा अपमान आहे, आणि मोठ्यांच्या दालनात वर्तमानपत्र वाचणाऱ्या आजोबांच्या नजरेखाली बसवणे ही शिक्षा आहे. त्याला एक फळी, एक कोपरा आणि संध्याकाळी शिकवणीनंतरचा एक तास स्वतंत्र द्यावा. तिसरे, वार्षिक खरेदीतील काही रक्कम, दशांश का होईना, कुमार सभासदांच्या यादीप्रमाणे खर्च करावी. यादी पाहून समितीच्या काही सदस्यांच्या कपाळाला आठ्या पडतील. त्या पडू द्याव्यात. ज्याने मागवलेले पुस्तक फळीवर आले, तो मुलगा मित्राला घेऊन ते दाखवायला येतोच. चौथे, परत आणलेल्या पुस्तकाविषयी काहीही विचारू नये. सारांश लिहून आणा, बक्षीस मिळवा, ह्या योजना सद्‌हेतूने निघतात, पण त्या जुन्या मालकांनाच मागल्या दाराने घरात घेतात. मुलगा आपण होऊन बोलू लागला, तर ऐकायला मात्र कोणीतरी हवे.

आणि हेच सर्वांत दुर्मीळ आहे. अमेरिकेतील बाल्टिमोर शहराच्या ईनॉक प्रॅट ग्रंथालयात मार्गारेट एडवर्ड्स ह्या बाईंनी १९३० च्या दशकापासून कितीतरी वर्षे कुमारांसाठी काम केले. त्यांचा आग्रह असा की, मुलांना पुस्तक सुचवण्यापूर्वी ग्रंथालयाच्या सेवकाने स्वतः शेकडो पुस्तके, तीही मुलांच्या आवडीची, वाचलेली असली पाहिजेत. आपल्या ग्रंथपालांना अपुऱ्या मानधनावर राबवून घेणाऱ्या समित्यांनी ह्याचा विचार करावा. 'हे वाच, चांगले आहे' असे सांगणारे पुष्कळ भेटतात. 'काल रात्री हे वाचीत होतो, संपेपर्यंत खाली ठेवता आले नाही' असे सांगणारा एक भेटला तरी मुलगा हात पुढे करतो.

झोपेचा दृष्टान्त येथे लागू पडतो. झोप ये म्हणून आज्ञा केल्याने येत नाही. अंथरूण घालावे, दिवा मंद करावा, बोलणे थांबवावे आणि खोलीबाहेर जावे. एवढेच आपल्या हाती असते. वाचनाच्या आनंदाचेही तसेच आहे. पुस्तक, जागा, वेळ आणि विश्वास एवढे देऊन वडीलधाऱ्यांनी बाजूला व्हावे.

एवढे करूनही काही मुले येणार नाहीत, हे आम्ही प्रामाणिकपणे मान्य करतो. कोणी मैदानावर रमेल, कोणी तबल्यावर, कोणी यंत्राचे सांधे उकलण्यात. फ्रेंच लेखक दानिएल पेनाक ह्यांनी १९९२ साली वाचकाचे दहा हक्क सांगितले, त्यांत पहिलाच हक्क न वाचण्याचा ठेवला. वकिली बुद्धीला तो क्रम पटतो. नकाराचा अधिकार नसेल, तर होकाराला किंमत राहत नाही. न येणाऱ्या मुलाविषयी ग्रंथालयाचे कर्तव्य एवढेच की, त्याला कधी अठराव्या, कधी तिसाव्या वर्षी यावेसे वाटले, तर दार उघडे सापडावे आणि 'इतके दिवस कुठे होतास?' असे कोणी विचारू नये.

येत्या उन्हाळ्याच्या सुटीपूर्वी ग्रंथालयांच्या समित्यांच्या बैठका होतील. जमाखर्च मांडला जाईल, जुन्या सभासदांच्या निधनाचे ठराव होतील, घटत्या संख्येविषयी खेद व्यक्त होईल. त्या वेळी निबंधस्पर्धेचा ठराव मांडण्याऐवजी कोणी सदस्याने कपाटांच्या किल्ल्या टेबलावर ठेवून, ही कुलपे सुटीपुरती तरी काढू या का, असा प्रश्न विचारावा, अशी आमची सूचना आहे. खर्च काही नाही. धोका आहे तो थोड्या पुस्तकांचा, आणि मुलांच्या आवडीवर विश्वास ठेवण्याची ज्यांना सवय नाही अशा आम्हां मोठ्यांच्या मनःशांतीचा. सुटी संपल्यावर हिशेब करावा आणि मग कुलपे पुन्हा लावायची की नाही, ते ठरवावे.